पैसे शेवटी, तपास आधी: व्हिसाच्या नावाखाली होणारी फसवणूक टाळण्यासाठी खान्देशातील अर्जदारांनी पाळायचा क्रम

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आखाती देशांत कामाला, कॅनडा-ऑस्ट्रेलियात शिकायला किंवा युरोपात नोकरीला जाऊ इच्छिणाऱ्यांची फसवणूक होते, तेव्हा अर्जदार अडाणी होता असे क्वचितच आढळते. बहुतेक वेळा त्याने सगळ्या गोष्टी केलेल्या असतात, फक्त उलट्या क्रमाने. आधी पासपोर्ट एजंटाच्या हाती जातो, मग टोकन म्हणून काही हजार जातात, मग दागिने गहाण पडतात किंवा केळीच्या घडांचे आलेले पैसे दिले जातात, आणि एजंट कोण, कंपनी कोणती, व्हिसा कसला, हे प्रश्न त्यानंतर सुचतात. तोवर प्रश्न विचारण्याची ताकदच उरलेली नसते, कारण कागद आणि पैसा दोन्ही समोरच्याकडे असतात. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत, आणि एक टप्पा पूर्ण झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नये.

टप्पा १: आपल्याला कोणता व्हिसा लागतो हे स्वतः ठरवणे

पर्यटन, शिक्षण आणि नोकरी हे तीन वेगळे हेतू असून त्यांचे व्हिसाही वेगळे असतात. ‘आत्ता व्हिजिटवर जा, तिकडे गेल्यावर वर्क व्हिसा करून देऊ’ हे वाक्य ऐकू आले की तेथेच थांबावे. व्हिजिट व्हिसावर काम करणे आखाती देशांत बेकायदेशीर आहे; पकडले गेल्यास दंड, कैद किंवा हद्दपारी कामगाराच्या वाट्याला येते, एजंटाच्या नव्हे. तथाकथित ‘आझाद व्हिसा’ हा कोणत्याही सरकारचा व्हिसाप्रकार नाही. त्यात कागदावर एक मालक असतो आणि काम दुसरीकडेच शोधावे लागते, म्हणजे पहिल्या दिवसापासून माणूस नियमाबाहेर असतो.

एजंट व्हिजिट व्हिसाचा आग्रह का धरतो, याचे कारण पासपोर्टात दडलेले असते. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर, म्हणजे ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’, हा शेरा असतो. असा पासपोर्ट घेऊन संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया, इराक, जॉर्डन आदी ठरावीक देशांत नोकरीला जायचे असल्यास भारत सरकारची उत्प्रवास परवानगी, म्हणजे कामासाठी देश सोडून जाण्याची मंजुरी, घ्यावी लागते, आणि ती परवानगी देताना मालक, पगार व करार तपासला जातो. पर्यटनासाठी ही परवानगी लागत नाही. म्हणजे व्हिजिट व्हिसाचा सल्ला देणारा एजंट आपला वेळ वाचवत नसून सरकारी तपासणी चुकवत असतो.

तपासणी: आपल्या पासपोर्टवर ईसीआर शेरा आहे का, हे आजच पाहून घ्यावे. शेरा असून दहावीचे प्रमाणपत्र हाती असेल, तर आधी तो काढून घेण्यासाठी अर्ज करावा. नवा पासपोर्ट काढायचा असल्यास अर्ज फक्त पासपोर्ट सेवेच्या अधिकृत संकेतस्थळावर भरावा, ज्याचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. साध्या ३६ पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे यापेक्षा बरेच जास्त घेतात.

टप्पा २: एजंट खरा आहे का, हे नोंदीवरून पाहणे

परदेशातील नोकरीसाठी भारतातून माणसे भरती करणाऱ्याला उत्प्रवास अधिनियम, १९८३ नुसार परराष्ट्र मंत्रालयाकडील उत्प्रवासी महासंरक्षकांकडे नोंदणी करावीच लागते. नोंदणीशिवाय भरती करणे हा गुन्हा आहे. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही विनाशुल्क पाहता येते, आणि त्यासाठी मुंबईला जाण्याची गरज नाही.

या तपासणीत सर्वाधिक घसरण होते ती येथे: लोक फलकावर किंवा पत्रकावर छापलेला नोंदणी क्रमांक पाहतात, तो यादीत सापडला की समाधान मानतात. परंतु क्रमांक चोरता येतो. मुंबईतील एखाद्या खऱ्या एजन्सीचे नाव आणि क्रमांक छापून चाळीसगाव किंवा शहाद्यात कार्यालय थाटणे अवघड नाही. म्हणून पुढील चार गोष्टी यादीतील नोंदीशी ताडून पाहाव्यात.

१. एजन्सीचे पूर्ण नाव, अगदी ‘अँड सन्स’, ‘इंटरनॅशनल’ अशा शेपटांसह.
२. नोंदणीची मुदत आणि सद्यःस्थिती. मुदत संपलेली किंवा निलंबित नोंदणीही काही वेळा दाखवली जाते.
३. यादीतील पत्ता. समोरचे कार्यालय त्यात नसेल, तर ते त्या एजन्सीचे नाही असेच धरून चालावे.
४. यादीतील दूरध्वनी क्रमांकावर आपण स्वतः फोन करून, अमुक नावाचा माणूस तुमचा आहे का, असे विचारणे. हा फोन एजंटाने दिलेल्या क्रमांकावर करू नये.

खान्देशात प्रत्यक्ष भेटणारा माणूस बहुधा मुख्य एजंट नसतोच. तो गावातल्या जिभाऊंच्या ओळखीचा, मेव्हण्याच्या कंपनीत पूर्वी काम केलेला किंवा एखाद्या ट्रॅव्हल्सच्या दुकानात बसणारा सब-एजंट असतो. कायद्याच्या दृष्टीने असा सब-एजंट नोंदणीकृत नसतो. विमानाची तिकिटे विकणाऱ्यालाही भरतीचा अधिकार नसतो. ‘त्याने आमच्या भाच्याला पाठवले होते’ हा दाखला खरा असला तरी उपयोगाचा नाही. पहिले चार-पाच जण नीट पाठवून विश्वास कमवायचा आणि मग पन्नास जणांकडून पैसे उचलायचे, ही या धंद्यातली जुनी चाल आहे.

शिक्षण किंवा स्थायिक होण्याच्या व्हिसासाठी सल्ला देणाऱ्यांची तपासणी त्या-त्या देशाच्या नोंदीत करावी. कॅनडाच्या अर्जासाठी मोबदला घेऊन प्रतिनिधित्व करणारा सल्लागार तेथील इमिग्रेशन सल्लागारांच्या अधिकृत नियामक संस्थेचा परवानाधारक असावा लागतो किंवा तेथील वकील असावा लागतो, आणि परवानाधारकांची सार्वजनिक नोंदवही उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियातही इमिग्रेशन एजंटांची नोंदवही आहे. अर्थात सल्लागार घेणे कोणत्याही देशासाठी सक्तीचे नाही, हे येथे मुद्दाम नोंदवतो, कारण ‘एजंटाशिवाय फाईल लागतच नाही’ असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे.

इशारा: आतापर्यंत एक रुपयाही द्यायचा नाही आणि मूळ पासपोर्टही द्यायचा नाही. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. चौकशीसाठी त्याची छायाप्रत पुरते, आणि त्या प्रतीवरही कोणत्या कामासाठी, कोणाला आणि कोणत्या तारखेला दिली हे आडवे लिहून सही करावी.

टप्पा ३: नोकरीचे किंवा प्रवेशाचे पत्र मूळ ठिकाणाहून पडताळणे

ऑफर लेटर हे कोणत्याही छपाईच्या दुकानात बनू शकते. त्यावरील शिक्का, गरुडाचे चित्र किंवा रंगीत पट्टी यांना काही अर्थ नाही. त्या पत्राची नोंद परदेशातील सरकारी यंत्रणेत आहे की नाही, यालाच अर्थ आहे.

संयुक्त अरब अमिरातीत खासगी कंपनीची नोकरी तेथील मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातील ऑफर लेटरवर दिली जाते आणि त्यावरील व्यवहार क्रमांक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ब्रिटनमध्ये परदेशी कामगार घेऊ शकणाऱ्या परवानाधारक मालकांची यादी सरकार प्रसिद्ध करते. ऑफर देणारी कंपनी त्या यादीत नसेल तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. कॅनडातील नोकरीसाठी ‘एलएमआयए विकत घेऊन देतो’ असे सांगून मोठ्या रकमा मागितल्या जातात. एलएमआयए म्हणजे परदेशी कामगार घेण्यास हरकत नसल्याचा कागद. तो मालकाला तेथील सरकारकडून मिळतो, त्याचे एका पदामागचे १,००० कॅनेडियन डॉलर शुल्क मालकानेच भरायचे असते आणि ते कामगाराकडून वसूल करण्यास मनाई आहे. विकत मिळणारा एलएमआयए म्हणजे एकतर खोटा कागद किंवा खऱ्या कागदाचा बेकायदेशीर व्यवहार. दोन्ही प्रकारांत अर्जदाराचेच नाव खराब होते.

थायलंड, कंबोडिया, लाओस किंवा म्यानमार येथील ‘डेटा एंट्री’, ‘डिजिटल मार्केटिंग’ किंवा ‘कस्टमर सपोर्ट’च्या नोकऱ्यांबाबत विशेष सावध राहावे. टेलिग्रामवर मुलाखत, पदवीची विचारणा नाही, तिकीट मोफत आणि पगार भरघोस, असे या प्रस्तावांचे रूप असते. तेथे पोहोचल्यावर पासपोर्ट काढून घेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या केंद्रांत कामाला जुंपले जाते. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासून याविषयी इशारे दिले आहेत, आणि मार्च २०२५ मध्ये अशा केंद्रांतून सुटलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे परत आणावे लागले. रशियात मदतनीसाचे काम सांगून तरुणांना थेट युद्धक्षेत्रात पाठवल्याची प्रकरणेही २०२४ मध्ये उघड झाली आणि केंद्रीय अन्वेषण विभागाने त्यावर गुन्हा नोंदवला. येथे मोफत तिकीट ही सवलत नसून आमिष असते.

विद्यार्थ्यांनी आणखी एक पडताळणी करावी. २०२३ मध्ये कॅनडात अनेक भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे बनावट असल्याचे निघाले. एजंटाने दिलेले पत्र त्यांनी स्वतः महाविद्यालयाशी ताडून पाहिलेले नव्हते. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून कॅनडा सरकारने प्रत्येक प्रवेशपत्र महाविद्यालयाकडून पडताळून घेण्याची पद्धत सुरू केली. तरीही सरकार पडताळेल म्हणून आपण बसून राहू नये, कारण तोपर्यंत शुल्क भरून झालेले असते. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून प्रवेश विभागाचा ई-मेल पत्ता आपण स्वतः शोधावा, आपला विद्यार्थी क्रमांक देऊन पत्र खरे आहे का असे विचारावे, आणि शिक्षण शुल्क एजंटाच्या खात्यात न भरता महाविद्यालयाने सांगितलेल्या मार्गानेच भरावे.

तपासणी: कंपनीचा ई-मेल सर्वसामान्य मोफत सेवेवरचा आहे का? करारात पदाचे नाव, मूळ पगार, कामाचे तास, राहण्याची सोय आणि परतीचे तिकीट लिहिलेले आहे का? करार फक्त अरबीत असेल, तर इंग्रजी प्रत मिळाल्याशिवाय सही करू नये.

टप्पा ४: पैसे देणे

वरील तिन्ही टप्पे नीट पार पडले तरच पैशाचा विषय काढावा. नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात, आणि त्याची पावती देणे बंधनकारक आहे. आपल्याकडे दीड-दोन लाखांचे आकडे सहज बोलले जातात आणि लोकही ‘एवढे तर लागतातच’ म्हणून मान डोलावतात. ते लागत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार तर भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो आणि तो कामगाराकडून घेण्यास मनाई आहे.

पैसे नेहमी एजन्सीच्या नावाच्या बँक खात्यात भरावेत. एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय क्रमांकावर, पत्नीच्या किंवा भावाच्या खात्यावर, किंवा ‘जीएसटी वाचतो’ म्हणून रोखीने दिलेला पैसा नंतर सिद्ध करणे फार कठीण जाते. पावतीवर एजन्सीचे नाव, नोंदणी क्रमांक, रक्कम, कारण आणि तारीख असावी. रक्कम मोठी असल्याने एजंट स्टॅम्प पेपर करून देतो, आणि येथे एक सापळा असतो: त्या कागदावर रक्कम ‘हातउसनी’ घेतल्याचे लिहिलेले असते. पुढे तक्रार झाली की हा नोकरीच्या नावाखालील फसवणुकीचा गुन्हा नसून उसनवारीचा दिवाणी वाद आहे, असे सांगण्याची सोय त्याने आधीच करून ठेवलेली असते. स्टॅम्प पेपर करायचाच असेल तर त्यात कोणत्या देशातील, कोणत्या कंपनीतील, कोणत्या कामासाठी पैसे दिले हे स्पष्ट लिहून घ्यावे.

इशारा: ‘आज रात्रीपर्यंत भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल’ असे कोणी म्हटल्यास ती जागा खुशाल दुसऱ्याला जाऊ द्यावी.

टप्पा ५: अर्ज स्वतः वाचणे आणि खरे तेच लिहिणे

अर्ज कोणीही भरो, त्यावर सही आपली असते आणि खोट्या माहितीची जबाबदारीही आपलीच ठरते. ‘मला माहीत नव्हते, एजंटाने लिहिले’ हे उत्तर सहसा कोणताही देश ऐकून घेत नाही. अर्जात खोटे आढळल्यास कॅनडाचा कायदा ५ वर्षांची बंदी घालतो, ब्रिटनचे नियम १० वर्षांपर्यंत दार बंद करतात, ऑस्ट्रेलियात ३ वर्षे व्हिसा नाकारला जाऊ शकतो, आणि अमेरिकेत ही बंदी कायमची असून ती उठवण्यासाठी स्वतंत्र सवलत मागावी लागते.

म्हणून ऑनलाइन अर्जाचे खाते आपल्याच ई-मेल आणि मोबाइल क्रमांकावर उघडावे, पासवर्ड आपल्याकडे ठेवावा, आणि अर्ज सादर झाल्यावर त्याची पूर्ण प्रत त्याच दिवशी घ्यावी. एजंटाने स्वतःचा ई-मेल टाकला असेल, तर व्हिसा कार्यालयाने मागितलेला खुलासा किंवा कळवलेला नकार आपल्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि एजंट मात्र ‘प्रोसेस चालू आहे’ असे महिनोन्महिने सांगत राहतो. पूर्वी एखाद्या देशाने व्हिसा नाकारला असेल तर तो लपवू नये. नकार ही अडचण असते, पण लपवलेला नकार हा खोटेपणा ठरतो.

खान्देशातील शेतकरी कुटुंबांची एक खास चूक येथे नोंदवावी लागेल. घरात केळी, कापूस किंवा कांद्याचे चांगले उत्पन्न असते, परंतु ते बँकेत दिसत नाही. मग एजंट ‘शो मनी’ लावून देतो, म्हणजे कोणाचे तरी १५-२० लाख आठवड्याभरासाठी खात्यात येतात आणि परत जातात, किंवा थेट बनावट बँक विवरणपत्र तयार होते. अचानक आलेली रक्कम व्हिसा अधिकाऱ्याला पहिल्या नजरेत दिसते, आणि बनावट विवरणपत्र बँकेकडे विचारणा करून तपासले जाते. त्याऐवजी खरेच जे आहे ते नीट मांडावे: सातबारा व आठ-अचा उतारा, बाजार समितीतील किंवा केळी व्यापाऱ्याकडील विक्रीच्या पट्ट्या, त्या पट्ट्यांशी जुळणाऱ्या बँकेतील जमा नोंदी, शेती उत्पन्न दाखवलेले आयकर विवरणपत्र आणि चार्टर्ड अकाउंटंटचे प्रमाणपत्र. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर ज्या देशाला जसे लागते तसे करून घ्यावे. याची तयारी अर्जाच्या आदल्या आठवड्यात होत नाही. पुढच्या वर्षी मुलाला पाठवायचे असेल, तर यंदाच्या हंगामापासूनच विक्रीचे पैसे खात्यात घ्यायला सुरुवात करावी.

अनुभवाच्या दाखल्याचेही तसेच आहे. भुसावळच्या वर्कशॉपात दोन वर्षे वेल्डिंग केलेल्या माणसाने दोनच वर्षे लिहावीत. सात लिहिणाऱ्याला पुढे कामाच्या चाचणीत मशीनसमोर उभे केले जाते.

टप्पा ६: अपॉइंटमेंट, बोटांचे ठसे आणि मेडिकल

अनेक देशांचे अर्ज स्वीकारणारी खासगी केंद्रे फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेतात. व्हिसा देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो. ‘केंद्रात सेटिंग आहे’ असे सांगणारा म्हणूनच खोटे बोलत असतो. अपॉइंटमेंट विकत घेऊ नये. अमेरिकेच्या नियमित पर्यटन व्हिसाचा डीएस-१६० अर्ज भरणे विनाशुल्क असते आणि १८५ डॉलर शुल्क वेगळे भरावे लागते. अर्ज भरण्यासाठीच पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नाहीत. अमेरिकेच्या ग्रीन कार्ड ‘लॉटरी’चा ई-मेल आला तर तो वाचण्याचीही गरज नाही, कारण त्या योजनेत भारतात जन्मलेले लोक अलीकडच्या वर्षांत पात्रच नाहीत.

जळगाव-भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन यायला एक-दोन दिवस मोडतात, म्हणून लोक कागदपत्रांची पिशवीच एजंटाकडे देतात. ठशांसाठी स्वतः जावेच लागते, त्यामुळे त्याच दिवशी पासपोर्ट आपल्या हाताने केंद्रात जमा करून आपल्या नावाची पावती घ्यावी. आखाती देशांसाठीची वैद्यकीय तपासणी वाफिद या यंत्रणेतून नेमून दिलेल्या केंद्रातच होते. अपॉइंटमेंटची चिठ्ठी नसताना कोणी ‘मेडिकल फिट’चा कागद दिला, तर तो पुढे चालत नाही.

टप्पा ७: व्हिसा हाती आल्यावर

येथे आनंदात घाई होते. पेढे वाटण्याआधी पुढील तपासणी करावी.

नाव व पासपोर्ट क्रमांक अक्षरशः जुळतो का? व्हिसाचा प्रकार काम, शिक्षण की पर्यटन? मालकाचे नाव करारातील नावाशी जुळते का? मुदत किती? व्हिसा देणाऱ्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकून तो खरा ठरतो का? विमान कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकला असता तिकीट निश्चित झालेले दिसते का? बनावट तिकीट हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शेवटी कळणारा भाग असतो. विमानतळावर सोडायला आलेले नातेवाईक परत फिरल्यावर तो उघड होतो.

ईसीआर पासपोर्टधारकाने उत्प्रवास परवानगी आणि प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी हाती आल्याशिवाय निघू नये. या विम्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण असून दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये व तीन वर्षांचा ३७५ रुपये, अधिक कर, इतकाच आहे. पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा आणि एजंटाच्या पावत्या यांचा एक पूर्ण संच घरी ठेवून जावे, कारण अडचण आली तर तक्रार बहुधा घरच्यांनाच करावी लागते.

टप्पा ८: पैसे आधीच गेले असतील तर

ऑनलाइन पैसे गेले असल्यास पहिल्या काही तासांत १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते. त्यानंतर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. व्यवहार मुंबईत किंवा सुरतेत झाला म्हणून ‘तिकडे जा’ असे सांगितले गेल्यास शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्दीचा प्रश्न न आणता, गुन्हा नोंदवण्याची मागणी करता येते. तक्रारीत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील फसवणुकीबरोबरच विनानोंदणी भरतीचा, म्हणजे उत्प्रवास अधिनियमाच्या कलम १० च्या भंगाचा, उल्लेख जरूर करावा, कारण केवळ पैशाच्या वादापेक्षा ही बाब वेगळी ठरते. महाराष्ट्रातील प्रकरणे मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाकडे आणि ई-मायग्रेटवरही नोंदवता येतात. माणूस परदेशात अडकला असेल तर तेथील भारतीय दूतावास, परराष्ट्र मंत्रालयाचे मदद हे तक्रार संकेतस्थळ आणि १८००-११-३०९० ही विनाशुल्क मदतवाहिनी उपलब्ध आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण पुसू नये, मोबाइल बदलू नये आणि एजंटाने निम्मे पैसे परत देतो म्हणून पुढे केलेल्या ‘माझी काही तक्रार नाही’ अशा प्रतिज्ञापत्रावर पूर्ण रक्कम खात्यात येईपर्यंत सही करू नये.

आणि आपल्या नावाने खोटा कागद जोडून अर्ज आधीच सादर झाल्याचे कळले असेल, तर निर्णयाची वाट पाहू नये. संबंधित व्हिसा कार्यालयाला आपल्या ई-मेलवरून लेखी कळवावे, अर्ज मागे घ्यावा किंवा दुरुस्ती मागावी, आणि त्या पत्राची पोच जपून ठेवावी; पुढचा अर्ज करताना पूर्वीच्या अर्जांविषयी विचारले जाते, तेव्हा हीच पोच सोबत जोडावी लागते.